चढलेली भेंडी

भाषण करताना समोरच्या माणसांची तोंडं बंद असली, की आपलं भाषण उत्तम चाललं आहे असं मला पुष्कळ वर्षं वाटत असे. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाचा असा समज होणं स्वाभाविक आहे. काउंटरपलीकडच्या माणसाचं तोंड बंद असणं, यासारखं सुख आमच्या व्यवसायात दुसरं नाही. पण शाळेचं गणित बँकेच्या नेमकं उलट असतं. तिथं समोरच्यांची तोंडं बंद असली, की आपला माल खपत नाही असं खुशाल समजावं. हा शोध मला चाळिशी उलटल्यावर लागला आणि तो लागेपर्यंत साताऱ्यातले साठ विद्यार्थी, एक सौभाग्यवती आणि बीडकडची एक मुलगी एवढी मंडळी खर्ची पडली.

त्याचं असं झालं. रिझर्व्ह बँकेनं २०१७ सालापासून ‘आर्थिक साक्षरता सप्ताह’ सुरू केला. आता सप्ताह म्हटला की आमच्याकडं टाळ, मृदंग, कीर्तन आणि शेवटी काल्याचा प्रसाद असतो. या सप्ताहात यांपैकी काही नसतं. बँकेच्या माणसानं कुठंतरी जायचं, बचतीचं महत्त्व सांगायचं, फोटो काढायचा आणि तो वर पाठवायचा. आमच्या शाखेच्या वाट्याला एक शाळा आली आणि तिथं कोण जाणार असा प्रश्न निघाला, तेव्हा साहेबांनी माझ्याकडं बोट केलं.

“हे लिहितात,” साहेब म्हणाले.

दिवाळी अंकात माझे दोन लेख आले होते ही गोष्ट खरी. लिहिणारा माणूस बोलूही शकेल, आणि तो दिवसभर नसला तरी शाखेचं काही अडणार नाही, असा साहेबांचा दुहेरी हिशेब होता. हिशेबात साहेब पक्के आहेत.

तेव्हा मी साताऱ्याच्या शाखेत होतो. शाळा गावातलीच, वर्ग सातवीचा, वेळ जेवणाच्या सुट्टीनंतरची. मी बी.कॉम. असल्यामुळं सुरुवात चक्रवाढ व्याजापासून केली. दरमहा शंभर रुपये टाकले तर वीस वर्षांनी किती होतात, याचा तक्ता फळ्यावर लिहिला. पहिली पाच मिनिटं मुलं माझ्याकडं बघत होती, पुढची पाच फळ्याकडं आणि नंतरची वीस पंख्याकडं. एकही तोंड उघडलं नाही. मी मनात म्हटलं, काय ही एकाग्रता! शेवटी “काही शंका?” असं विचारल्यावर मागच्या बाकावरचा एक हात वर आला.

“सर, नोटा मोजताना तुम्ही थुंकी का लावता?”

चाळीस मिनिटांच्या आर्थिक साक्षरतेची ती एकमेव पावती होती.

संध्याकाळी हा वृत्तान्त मी घरी सांगितला. आमची सौभाग्यवती जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. चाळीस मिनिटांत चाळीस मुलांना गप्प बसवणं आणि बोलतं करणं या दोन्ही कला तिला येतात. माझ्यावर ती फक्त पहिलीच वापरते.

“वर्गात गेल्या गेल्या तुम्ही काय केलंत?” तिनं विचारलं.

“नमस्कार केला आणि भाषण सुरू केलं.”

“तिथंच चुकलं. अहो, तवा तापायच्या आधी भाकरी टाकली तर चिकटणारच.”

मग तिनं मला तवा तापवण्याचं शास्त्र सांगितलं. तिचा वर्ग सुरू होतो तो धड्यानं नव्हे, शब्दांच्या खेळानं. कधी शब्दांच्या भेंड्या. कधी ‘नाव, गाव, फळ, फूल’. कधी ‘कच्चा पापड, पक्का पापड’ भरभर म्हणायचं आणि जिभेची गाठ बसली की सगळ्यांनी हसायचं. कधी ‘रामाला भाला मारा’, ‘चिमा काय कामाची’ अशी दोन्हीकडून सारखीच वाचता येणारी वाक्यं. (हा प्रकार मला फार आवडला. दोन्ही बाजू पहिल्या झटक्यात जुळणारा ताळेबंद मी जन्मात पाहिलेला नाही.) आणि कधी ‘शब्दडोंगर’. त्यात माथ्यावर एकच शब्द, खालच्या ओळीत त्याला जोडून आणखी एक, त्याखाली आणखी एक, असं करत पायथ्याशी अख्खं वाक्य उभं राहतं.

हे तिचं एकटीचं खूळ असेल असं मला वाटलं होतं. पण तसं नव्हतं. सातारा जिल्ह्यात कुमठे नावाचं एक बीट आहे. बीट म्हणजे इथं पोलिसांचं नव्हे, शिक्षण खात्याचं. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या फरशांवर अक्षरं, शब्द आणि आकडे रंगवले. मुलं बाकं सोडून त्यांच्याभोवती गोल करून बसली आणि खेळता खेळता शिकायला लागली. ते बघायला साऱ्या महाराष्ट्रातून शिक्षक येऊन गेले. २०१५ साली सरकारनं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ काढलं, त्यामागं या शाळांचाही हात होता. आमची सौभाग्यवतीही कुमठ्याला जाऊन आली होती. त्या दिवशी मी पोळी-भाजी स्वतः वाढून घेतली होती एवढंच मला आठवत होतं. ती कशाला गेली होती ते पाच-सहा वर्षांनी कळलं.

“आता नियम लिहून घ्या,” ती म्हणाली. मी घेतले. एक : खेळ पाच मिनिटं, घड्याळ लावून. दोन : मुलं “अजून, अजून” म्हणत असतानाच थांबवायचा. तीन : शेवटचा शब्द असा यावा की त्याचं शेपूट धरून धड्यात शिरता यावं. चार : कुणालाही बाद करायचं नाही. “बाद झालेलं पोर खेळातूनच जात नाही, तासातूनही जातं,” ती म्हणाली.

चौथा नियम लिहिताना मला आमचे गुरुजी आठवले.

गोष्ट १९९१ सालची. मी साताऱ्यातच पाचवीत होतो. गुरुजी वर्गात आले की हजेरी घेण्याआधी गावांच्या भेंड्या लावत. एका रांगेनं गाव सांगायचं, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्या रांगेनं. शेवटी ‘ण’ आला तर ‘न’ धरायचा आणि ‘ळ’ आला तर ‘ल’, कारण ‘ळ’नं सुरू होणारा शब्द मराठीनं ठेवलेलाच नाही. गुरुजींची स्वतःची एक अट होती : जिथं एस.टी. जाते तेच गाव. “टोकियो” म्हणणाऱ्या एका हुशार मुलाला त्यांनी शांतपणे विचारलं होतं, “स्टँडवर कितव्या फलाटाला लागते?”

या खेळात ‘र’ हे अक्षर जीव घेतं. आमच्या मुलखातल्या लोकांनी गावं वसवताना भेंड्यांचा विचारच केलेला नाही. रहिमतपूर, कोल्हापूर, सोलापूर, पंढरपूर, डफळापूर! जो तो ‘र’ टाकून मोकळा. ‘र’ची दहा गावं पाठ असलेला मुलगा आमच्या वर्गात वजनदार समजला जाई. एकदा नागठाणे दुसऱ्यांदा आलं म्हणून भांडण जुंपलं. “झालंय, झालंय!” असा ओरडा झाला. तेव्हा तो मुलगा म्हणाला, “मघाचं साताऱ्याचं, हे सांगलीचं!” गुरुजींनी दोन्ही चालवली आणि तेवढ्यात सांगून टाकलं की आजचा सांगली जिल्हा १९४९ साली साताऱ्यातूनच वेगळा काढला आणि १९६० पर्यंत त्याचं नाव ‘दक्षिण सातारा’ होतं. (माझी सासुरवाडी सांगलीची आहे. लग्नानंतर मी ही माहिती तिथं एकदाच सांगितली.)

एके दिवशी रेणावीवरून विटा आलं आणि विट्यावरून आमच्या रांगेवर ‘ट’. सगळे गार. नऊ आकडे मोजून झाल्यावर कुणीतरी “टेंभू!” म्हणून ओरडलं. गुरुजींनी खडू खाली ठेवला. “टेंभूत कोण जन्मलं?” १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले ते या कऱ्हाडजवळच्या टेंभूत, आणि त्या दिवशीचा धडा आगरकरांचा होता. हे गुरुजींनी ठरवून केलं की आपोआप झालं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण आगरकर काही पुस्तकातून उतरल्यासारखे वाटले नाहीत, विट्याहून एस.टी.नं आल्यासारखे वाटले.

मी स्वतः या खेळात कधी तोंड उघडत नसे. एकदा मात्र ‘व’ आला आणि मी न राहवून माझ्या आजोळच्या वाडीचं नाव सांगितलं. डोंगरावर सात-आठ घरं, नकाशात ठिपकासुद्धा नाही. सगळा वर्ग ओरडला, “असं गावच नाही!” गुरुजींनी हात वर करून वर्ग थांबवला आणि मला विचारलं, “हे कुठं आलं रे?” मग मी उभा राहून सांगितलं. वाट कशी, झरा कुठं, आजीची म्हैस कुठं बांधतात, सगळं. वर्गात एवढं मी पहिल्यांदाच बोललो असेन.

“एस.टी. जाते का?” गुरुजींनी विचारलं.

“पायथ्यापर्यंत जाते. पुढं चालावं लागतं.”

“मग अर्धा गुण,” गुरुजी म्हणाले आणि खरोखरच फळ्यावर अर्धा गुण मांडला. पुढं बी.कॉम.ला मला बरे गुण पडले, पण त्या अर्ध्या गुणाची सर त्यांना नाही.

यानंतर माझी सांगलीला बदली झाली. कृष्णा माहुलीला वेण्णा घेते, कऱ्हाडला कोयना घेते आणि सांगलीला येते. मी बदलीचा हुकूम घेऊन आलो. सौभाग्यवतीही यथावकाश आंतरजिल्हा बदलीनं माहेरी आली. आर्थिक साक्षरता सप्ताह अलीकडं फेब्रुवारीत येतो. तो आल्यावर माझी कीर्ती माझ्याही आधी इथं येऊन पोचल्याचं कळलं. “हे लिहितात,” नवे साहेब म्हणाले.

या वेळी शाळा होती कृष्णाकाठच्या एका उसाच्या गावातली. चौथीचा वर्ग, एकवीस मुलगे आणि अठरा मुली. फेब्रुवारी म्हणजे गळीत हंगाम रंगात आलेला. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, आणि खिडकीतून येणारा मळीचा वास. वर्गात काही मुलं गणवेश नसलेली होती. “टोळ्यांची आहेत,” बाई म्हणाल्या. बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या लोकांची मुलं. गावाकडच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक घेऊन आली, की हंगामभर ती इथं बसतात.

मी जय्यत तयारीनं गेलो होतो. खिशात नियमांचा कागद आणि पिशवीत साताऱ्याहून मुद्दाम मागवलेले कंदी पेढे. वर्गाचे दोन गट केले आणि त्यांना बँकेला शोभतील अशी ‘जमा’ आणि ‘नावे’ ही नावं दिली. आमच्या धंद्यात जमा म्हणजे आले आणि नावे म्हणजे गेले, हे समजावून सांगितलं मात्र, ‘नावे’ गटातली सगळी मुलं उठून ‘जमा’मध्ये जाऊन बसली. आर्थिक साक्षरता इतक्या झटपट आलेली मी बँकेतही पाहिली नाही. शेवटी ‘जमा एक’ आणि ‘जमा दोन’ असे गट करावे लागले.

खेळ होता डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंच्या भेंड्या. सुरुवातीलाच कुणीतरी “फ्रीज” म्हणालं आणि त्यावर “जीप”, त्यावर “पेन्सिल”. गाडी भलत्या रुळावर चाललेली पाहून मी कागदावर नसलेला एक पाचवा नियम केला : मराठीच शब्द चालतील. जो इंग्रजी शब्द सांगेल तो बाद. हा नियम करताना मला बरं वाटलं. मराठीसाठी आपण काहीतरी करतो आहोत असं वाटलं.

तवा तापला. असा तापला की बाई कौतुकानं बघत राहिल्या. पाट, टोपली, लाटणं, नारळ, लसूण, नांगर, रहाट, टाकी, कढई... पोरं बाकांवर चढायची बाकी होती. एवढ्यात पोषण आहाराचा माल आला म्हणून बाईंना बोलावणं आलं आणि वर्ग संपूर्ण माझ्या ताब्यात राहिला. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. पण मुलांची एकोणचाळीस तोंडं उघडलेली पाहून मला थांबवेना. पहिले दोन नियम तिथंच गेले.

मग ‘जमा एक’नं “लोटकं” म्हटलं आणि ‘जमा दोन’वर ‘क’ आला. कात्री, कपाट, कुलूप, काठी, कोयता, केरसुणी, सगळं होऊन गेलेलं. मी मोजायला लागलो. सात... आठ... तेव्हा भिंतीकडेची, गणवेश नसलेली एक मुलगी उठून उभी राहिली.

“कोपी,” ती म्हणाली.

क्षणभर शांतता, आणि मग वर्ग फुटला. “कॉपी! कॉपी! परीक्षेत करत्यात ती!” पोरं लोळायची बाकी राहिली. आता मी विनोदी लेखक. समोर एवढा हशा चाललेला असताना आपणही त्यात भर घालू नये, हे आमच्या जातीला जमत नाही.

“कॉपी हा शब्द इंग्रजी,” मी म्हणालो, “आणि सवय वाईट. दोन्हीकडून बाद!”

दुसरा हशा पहिल्याहून मोठा झाला.

“कॉपी नाय. कोपी,” ती हळूच म्हणाली. मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणता येणार नाही. पण माझी बोटं नऊवर होती. “दहा!” मी म्हटलं. ‘जमा दोन’वर भेंडी चढली. “हिच्यामुळं,” त्या गटातला एक मुलगा म्हणाला. ती खाली बसली.

जिंकलेल्यांना दोन-दोन आणि हरलेल्यांना एक-एक असे पेढे मी वाटले. सगळ्यांचे पेढे मिनिटात संपले. त्या मुलीनं पेढा घेतला, पण खाल्ला नाही. मुठीत धरून बसली. ते पाहून मला काय सुचावं? भाषणात मी तिचं उदाहरण दिलं. “पाहा,” मी म्हणालो, “हिनं पेढा राखून ठेवला. यालाच बचत म्हणतात!”

भाषण झकास झालं. मुलांनी अकरा प्रश्न विचारले आणि त्यांतला एकही थुंकीबद्दल नव्हता. मी विजयी वीरासारखा घरी आलो आणि साद्यंत हकिकत सांगितली. सौभाग्यवती ऐकत होती. ‘मराठीच शब्द’ या नियमापाशी तिनं मला थांबवलं.

“हा कुठला नियम?”

“मराठी नको का टिकायला?”

“तुम्ही चालवलेली ‘टाकी’ पोर्तुगीज नसेल कशावरून? बटाटा पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज, बादली पोर्तुगीज. तुम्ही बसता ती खुर्ची अरबी. तुमची बँक इंग्रजी. आणि महिन्याच्या शेवटी घरी आणता तो पगारसुद्धा पोर्तुगीज आहे. तो कधी बाद केला नाहीत?”

माझा पगार पोर्तुगीज आहे हे मला माहीत नव्हतं. तो अपुरा आहे एवढंच माहीत होतं.

“बरं, ती मुलगी नक्की काय म्हणाली?”

“कॉपीच म्हणाली. नंतर म्हणते, कोपी.”

“मग ‘म्हणजे काय’ असं विचारलंत?”

मी पाणी प्यायला उठलो.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी काउंटरवर एक गृहस्थ आले. डोक्याला टापशी, हातात आमच्याच बँकेच्या बीड जिल्ह्यातल्या शाखेचं पासबुक. खात्याचं के.वाय.सी. नव्यानं करायचं होतं. गर्दी होती. त्यांना वाचता येत होतं, पण फॉर्म इंग्रजीत, म्हणून मीच भरायला घेतला.

“सध्याचा पत्ता?”

“कोपी,” ते म्हणाले. “कारखान्याच्या माळावर.”

माझं पेन थांबलं. मागचे लोक कुरकुरायला लागले होते.

“कोपी म्हणजे काय?” मी विचारलं.

एवढ्या शिकलेल्या माणसाला हे कसं माहीत नाही, अशा नजरेनं ते माझ्याकडं बघायला लागले. “ऱ्हायचं घर, साहेब. इथलं. बांबू, तट्ट्या आन् वर कागद. पट्टा पडला की मोडायची.” पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचं गाळप बंद होणं, तेही त्यांनीच न विचारता सांगितलं. मला काहीच माहीत नसणार, हे एव्हाना त्यांनी ओळखलं होतं.

फॉर्मवर मी ‘कोपी’ लिहिलं. कॉम्प्युटरनं पत्त्याचा पुरावा मागितला. त्यालाही कोपी कळली नव्हती. त्याची आणि माझी इयत्ता एकच.

मी डोळ्यांना दिसणारी वस्तू मागितली होती. त्या मुलीनं स्वतःचं घर सांगितलं होतं. मी ते घर बाद केलं, आणि वर त्यावर हशा वसूल केला. माझ्या आजोळच्या वाडीला गुरुजींनी अर्धा गुण दिला होता. तो मी तीस वर्षं जपून ठेवला आणि स्वतः द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या हातून पूज्य सुटलं. भेंडी ‘जमा दोन’वर चढलीच नव्हती. ती माझ्यावर चढली होती.

दुसऱ्याच दिवशी शाळेत जायचं मी ठरवलं. पण तो मार्च महिना होता. मार्च महिन्यात बँकेत रजा मागणं म्हणजे ऐन लग्नात भटजींनी घरी जेवायला जाऊन येतो म्हणण्यासारखं आहे. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता एकतीस मार्च उजाडला. वर्षअखेरीचे सगळे हिशेब जुळले. हा तेवढा राहिला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी पेढ्यांचा नवा पुडा घेऊन गेलो. शाळा सकाळची झाली होती. रस्त्यानं एकही ट्रॉली दिसली नाही आणि मळीचा वासही नव्हता. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

“पट्टा पडला,” बाई म्हणाल्या. “टोळ्या जाऊन दहा दिवस झाले.”

बाईंना ती गोष्ट त्याच दिवशी मुलांकडून कळली होती. कशी कळली, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांनी मागच्या भिंतीवरचा एक कागद दाखवला. आठवड्याचा शब्दडोंगर. पेन्सिलीनं गिरवून, थोड्या वाकड्या ओळींत लिहिलेला :

कोपी
आमची कोपी
माळावर आमची कोपी
पट्टा पडेपर्यंत माळावर आमची कोपी

खाली बाईंची बरोबरची खूण होती. पूर्ण.

मी वर्गापुढं उभा राहिलो आणि सांगितलं, की त्या दिवशी माझं चुकलं. कोपी हा शब्द मराठी आहे, चांगला आहे, आणि तो मी आजपासून धरला. वर्ग शांत होता. मोठ्या माणसानं चूक कबूल केली म्हणून मुलं हेलावली असतील असं मला वाटलं. पण ती हिशेब करत होती.

“म्हणजे आमच्यावर भेंडी नव्हती!” ‘जमा दोन’मधून आवाज आला. “आमचा दुसरा पेढा ऱ्हायला!”

“पण मग खेळ संपलाच न्हाई की,” ‘जमा एक’चा एक हिशेबी पोरगा म्हणाला. “कोपीवरनं आमच्यावर ‘प’ हाय. आम्ही सांगतो. परात!”

“थांब रे,” दुसरा म्हणाला. हा तोच, ‘हिच्यामुळं’ म्हणणारा. “ती न्हाई आत्ता. ती आमच्यात हाय. एक गडी कमी असताना कसं खेळायचं? ती दिवाळीला आली की तिथनं पुढं खेळू.”

यावर बरीच चर्चा झाली आणि ठराव एकमतानं पास झाला. पेढे मात्र तेव्हाच वाटावे लागले. एक पेढा बाजूला काढून मी बाईंच्या हातात दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, “दिवाळीपर्यंत कसा राहायचा हा?” आणि त्यांनी तो शिपायाच्या मुलाला दिला. बाई व्यवहारी आहेत.

ऊसतोडीची टोळी दर वर्षी त्याच कारखान्यावर येईलच असं नाही. मुकादम ज्या कारखान्याशी करार करील तिकडं गाड्या जातात. साताऱ्याकडं, कोल्हापूरकडं, कधी पार कर्नाटकात. हे मला आता माहीत झालं आहे. काउंटरवर टापशीवाला माणूस आला, की मी पासबुक बाजूला ठेवून आधी तेच विचारत बसतो आणि मागची रांग माझ्या नावानं बोटं मोडते.

आमच्या बँकेत एखादी रक्कम कुणाची आहे हे ठाऊक असतं, पण ती ज्याच्या खात्यात जायची तो सापडत नाही. अशी रक्कम आम्ही ‘सस्पेन्स’ नावाच्या खात्यात ठेवतो. ती आमची नसते, ती खर्च करता येत नाही, आणि तिचा निकाल लागेपर्यंत तपासनीस दर वेळी विचारत राहतो, हे अजून का पडलंय?

माझ्या सस्पेन्स खात्यात सध्या एक ‘प’ पडलेला आहे.